नवं ग्राफिक्स कार्ड आणि जुना पॉवर सप्लाय: पुरेल की नाही, हे कसं तपासलं

कार्ड ठरलं होतं: रेडिऑन आरएक्स ७८०० एक्सटी. संगणकात आधीचं जीटीएक्स १६६० सुपर, रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, एक एनव्हीएमई एसएसडी, एक ३.५ इंची हार्ड डिस्क आणि ५५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा पॉवर सप्लाय. कार्डासाठी कंपनीने मात्र किमान ७०० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवलेला. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. एक जण म्हणतो ‘आरामात चालेल’, दुसरा म्हणतो ‘मदरबोर्डासकट जळेल’. दोघांनीही लेबल वाचलेलं नसतं. तपासणी ज्या क्रमाने केली त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. हाच प्रश्न घेऊन अडकलेल्यांना निदान कुठून सुरुवात करायची ते कळावं.

आधी त्या ७०० चा अर्थ लावला. तो आकडा कार्डाच्या भुकेचा नसतो, पूर्ण संगणकाचा असतो, आणि तोही कंपनीने सावधपणे धरलेला. तुमच्याकडे कोणता प्रोसेसर आहे, पॉवर सप्लाय किती चांगला आहे हे कंपनीला ठाऊक नसतं, म्हणून ती बराच हातचा राखते. आरटीएक्स ४०७० स्वतः २०० वॅट घेतं आणि त्याला ६५० वॅट सुचवलेले आहेत. आरटीएक्स ४०९० घेतं ४५० आणि त्याला सुचवलेले ८५०. त्यामुळे ७०० पेक्षा कमी म्हणजे लगेच अपात्र असं होत नाही. मात्र त्या आकड्याकडे काणाडोळा करायचा असेल तर बेरीज स्वतः करावी लागते.

बेरजेसाठी पहिला आकडा कार्डाचा. एएमडी त्याला टोटल बोर्ड पॉवर म्हणते, एनव्हिडिया टोटल ग्राफिक्स पॉवर. ७८०० एक्सटीसाठी तो २६३ वॅट. हा संदर्भ मॉडेलचा आकडा आहे. तीन पंख्यांची, कारखान्यातूनच जास्त वेगावर लावलेली मॉडेल्स याहून थोडी वर जातात, म्हणून तुम्ही घेणार त्याच मॉडेलचं पान उघडून पाहावं. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आकडा वापरायचा असेल तर एक खाच लक्षात ठेवा: आरएक्स ६००० मालिकेच्या कार्डांवर सॉफ्टवेअर फक्त चिपची वॅट दाखवतं. मेमरी, पंखे आणि व्होल्टेज फिरवताना होणारा तोटा त्यात येत नाही. ७००० मालिकेत पूर्ण बोर्डाचा आकडा दिसतो.

मग लेबल. संगणक बंद केला, प्लग काढला, कॅबिनेटची बाजूची पत्री उघडली. लेबल नेमकं आतल्या बाजूला, दिसणार नाही असं होतं. मागचे चार स्क्रू काढून पॉवर सप्लाय हातभर पुढे ओढावा लागला. केबल न काढता एवढं जमतं. लेबलचा फोटो काढून ठेवा, पुन्हा पुन्हा लागतो.

लेबलवरच्या तक्त्यात +३.३ व्होल्ट २० अँपिअर, +५ व्होल्ट २० अँपिअर, या दोघांची मिळून मर्यादा ११० वॅट. मग +१२ व्होल्ट ४३ अँपिअर, खाली ५१६ वॅट. शेवटी −१२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट स्टँडबायच्या किरकोळ ओळी. यातली एकच ओळ आपल्या कामाची: १२ व्होल्ट. आजचे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. १२ गुणिले ४३ म्हणजे ५१६. खोक्यावर ५५०, पण माझ्या हिशेबाला ५१६.

ही ओळ पाहिल्याशिवाय पॉवर सप्लायबद्दल कोणाचंही मत ऐकू नका. कित्येक जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसवर (पॉवर सप्लायचंच दुसरं नाव) ५०० वॅट छापलेलं असतं आणि १२ व्होल्टला ३० अँपिअर, म्हणजे ३६० वॅट. उरलेली वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर, जिथे आता फारसा भार नसतो. लेबलवर १२व्ही१, १२व्ही२ अशा दोन ओळी असतील तर त्यांची बेरीज करायची नाही. दोन्हींची एकत्रित मर्यादा वेगळी दिलेली असते, ती धरायची. आणि मागे ११५/२३० असा लाल खटका असेल तर तो सप्लाय जुन्या घडणीचा, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढून घेणारं सर्किट) नसलेला आहे. त्यावर नवं कार्ड लावण्याचा विचार मी तरी तिथेच सोडून देईन.

प्रोसेसरचा आकडा घेताना खोक्यावरच्या टीडीपीवर, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने दिलेल्या वॅटवर, थांबू नये. रायझेन ५ ५६०० चा टीडीपी ६५ वॅट, पण सॉकेटला मिळणारी प्रत्यक्ष मर्यादा, जिला पीपीटी म्हणतात, ती ७६ वॅट. १०५ वॅटच्या रायझेनला ती १४२ होते आणि एएम५ या नव्या सॉकेटवरच्या १७० वॅटवाल्यांना २३०. इंटेलमध्ये दरी आणखी मोठी: कोअर आय५-१२४०० वर ६५ लिहिलेलं, कमाल टर्बो पॉवर ११७, आय७-१३७००के वर १२५ आणि कमाल २५३. शिवाय काही मदरबोर्ड या मर्यादा मुळातच सैल सोडतात. बायोस पाहून खात्री करा.

बाकीच्या मंडळींसाठी मी ६० वॅट धरले. मदरबोर्ड ३० ते ४०, रॅमच्या पट्टीला ३ ते ५, एसएसडीला पाच-सात, हार्ड डिस्कला सहा ते नऊ, प्रत्येक पंख्याला दोन-तीन. हार्ड डिस्क फिरायला लागते त्या क्षणी वीस-पंचवीस वॅट ओढते, पण तो क्षण संगणक सुरू होतानाचा, कार्ड तेव्हा निवांत असतं, त्यामुळे ते बेरजेत धरायची गरज नाही.

२६३, ७६ आणि ६० मिळून ३९९. ५१६ पैकी ३९९ म्हणजे ७७ टक्के. कागदावर बसतं. बरेच जण इथे थांबतात आणि बऱ्याचदा त्यांचं निभावतंही. खरी गोम यापुढे आहे.

कार्डाचे २६३ वॅट ही सरासरी आहे. आजचं कार्ड सेकंदात कित्येक वेळा वेग आणि व्होल्टेज बदलतं, आणि त्या बदलांमध्ये मिलिसेकंदाच्या अंशापुरती ठरलेल्या आकड्याच्या दीडपट, कधी दुपटीच्या आसपास उसळी येते. भिंतीला लावलेल्या वॅट मीटरवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये ती दिसत नाही, कारण दोन्ही तिच्यापेक्षा खूप संथ असतात. पॉवर सप्लायचं संरक्षण सर्किट मात्र ती पाहू शकतं. क्षमतेच्या वर एका ठरावीक पातळीला त्याने हात आखडला की संगणक खटकन बंद. निळा पडदा नाही, त्रुटीचा संदेश नाही, पंखेसुद्धा थांबतात. काही सप्लाय त्यानंतर बटण दाबूनही चालू होत नाहीत. मागचा खटका बंद करून थोडं थांबून पुन्हा चालू करावा लागतो. ही खूण ओळखीची ठेवा.

माझ्या हिशेबात दीडपट धरली तर कार्डाचे ३९५, बाकीचे १३६, एकूण ५३१. ५१६ च्या वर, पण थोडंच. चांगल्या पॉवर सप्लायमधले कॅपॅसिटर एवढी क्षणिक उसळी सहज पेलतात आणि संरक्षणाची पातळीही साधारणपणे क्षमतेच्या बरीच वर असते. म्हणजे उत्तर ‘चालणार नाही’ असं नव्हतं. ते काठावरचं होतं, आणि काठावर असताना सप्लायचं वय आणि केबल यांना महत्त्व येतं.

केबल पाहायला बसले तेव्हा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. ७८०० एक्सटीला ८ पिनांचे दोन कनेक्टर लागतात. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमाने ८ पिनांचा कनेक्टर १५० वॅट, ६ पिनांचा ७५ वॅट आणि मदरबोर्डवरचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्या ७५ पैकी १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ वॅटच. ही मर्यादा नुसती कागदावरची नाही. २०१६ मध्ये रेडिऑन आरएक्स ४८० स्लॉटमधून मर्यादेपेक्षा जास्त ओढताना आढळलं तेव्हा एएमडीला जुलैमध्ये ड्रायव्हर बदलून भार फिरवावा लागला होता.

माझ्या सप्लायला ६+२ पिनांची दोन टोकं होती खरी, पण दोन्ही एकाच केबलची: एक टोक संपतं तिथून दुसरं पुढे निघालेलं. म्हणजे पॉवर सप्लायपासून १२ व्होल्टच्या तीनच तारा. स्लॉट जे देईल ते वजा करून दोनशेहून जास्त वॅट त्या तीन तारांमधून, दर तारेत साधारण ६ अँपिअर. १८ गेजच्या तारेला मीटरमागे सुमारे २१ मिलिओहम रोध असतो. ६५ सेंटिमीटरच्या केबलमध्ये जाताना ०.०८ आणि येताना तेवढाच, मिळून सुमारे ०.१६ व्होल्ट तारेतच जातो, आणि उसळीच्या क्षणी त्याहून जास्त. पिनांच्या जोडावरचा तोटा आणि उष्णता वेगळीच. तार लगेच वितळेल असं नाही. पण दोन स्वतंत्र केबल लावल्या की हाच तोटा निम्म्यावर येतो. २२५ वॅटच्या वरच्या कार्डाला दोन वेगळ्या केबल लावा असा सल्ला कित्येक पॉवर सप्लाय बनवणारेही देतात, आणि तो पाळावा.

‘टोक कमी पडतंय तर कन्व्हर्टर लाव’ हा सल्ला हमखास मिळतो. साटा, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्यातून ६ पिनांचा ७५ वॅटचा कनेक्टर काढायचा म्हणजे मर्यादेच्या बाहेरूनच सुरुवात. आणि बाजारात एका साटामधून ८ पिना काढणारे कन्व्हर्टरही मिळतात. साटाचा प्लॅस्टिकचा भाग याने भाजतो, कधी पेटतोही. हे कुठल्याही परिस्थितीत लावू नका.

चुकण्याची दुसरी जागा प्रोसेसरच्या ८ पिनांच्या कनेक्टरची. तो ४+४ असा तुटतो, ग्राफिक्सचा ६+२ असा. दिसायला सारखे, पण ध्रुव उलटे: प्रोसेसरच्या कनेक्टरवर खटक्याच्या बाजूला पिवळ्या, १२ व्होल्टच्या तारा येतात, ग्राफिक्सच्या कनेक्टरवर खटक्याच्या बाजूला काळ्या. खाचांचे आकार वेगळे असतात, म्हणून चुकीचा कनेक्टर सहसा बसत नाही. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, एवढंच.

तुमचं कार्ड १६ पिनांच्या कनेक्टरचं असेल तर तिथे वेगळी काळजी. १२व्हीएचपीडब्ल्यूआर आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १२व्ही-२x६ एका कनेक्टरमधून ६०० वॅटपर्यंत देऊ शकतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या. तपासात एक ठळक कारण पुढे आलं ते कनेक्टर पूर्ण आत न बसल्याचं. नव्या आवृत्तीत संवेदन पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसलेल्या केबलवर कार्डाने भार घेऊच नये. या बारीक पिनांवरूनच केबल १५०, ३००, ४५० की ६०० वॅटची ते कार्डाला कळतं. कनेक्टर दाबल्यावर फट दिसता कामा नये आणि पहिले तीन-चार सेंटिमीटर केबल सरळ राहू द्यावी, लगेच वळवू नये.

कार्ड यायच्या आधी जुन्या सप्लायची तब्येत जुन्या कार्डावरच पाहिली. ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर टेस्ट आहे, ती प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही एकदम पूर्ण भार देते. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून रिकाम्या मोलेक्स (जुन्या ४ पिनांच्या) कनेक्टरच्या काळ्या तारेला काळी, पिवळ्या तारेला लाल टोकणी लावली. मोकळा असताना १२.०८, भारावर ११.७६. नियमाने ५ टक्के वर-खाली चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. मर्यादेत आहे, पण १६६० सुपर फक्त १२५ वॅटचं कार्ड. त्याच्यावरच ०.३२ व्होल्ट खाली येत असेल तर दुपटीच्या भारावर काय होईल याचा अंदाज येतो. मदरबोर्डवरचा सेन्सर, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तो, त्याच वेळी ११.९ दाखवत होता. म्हणून सेन्सरवर पूर्ण विसंबू नये. आणि तपासणीच्या उत्साहात पॉवर सप्लायचा डबा मुळीच उघडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ ३०० व्होल्टच्या वर दाब असू शकतो.

काठावरची बेरीज, एकच केबल, भारावर खचणारी १२ व्होल्टची ओळ. तिन्ही एकत्र आल्यावर सप्लाय बदलायचं ठरलं. यातली एकच गोष्ट असती तर कदाचित बदलला नसता. नव्या कार्डाच्या खर्चात आणखी एक खर्च, याचं वाईट वाटतं; पण पॉवर सप्लाय पुढच्या दोन संगणकांना पुरतो, कार्ड नाही पुरत.

नवा घेतला तो ७५० वॅटचा, १२ व्होल्टला ६२ अँपिअर म्हणजे ७४४ वॅट, ग्राफिक्सच्या स्वतंत्र केबल असलेला आणि एटीएक्स ३.० प्रमाणपत्राचा. हे मानक २०२२ चं. त्यात १६ पिनांचा कनेक्टर असलेल्या मोठ्या सप्लायने क्षमतेच्या दुपटीची उसळी १०० मायक्रोसेकंद सोसावी अशी अट आहे, आणि आपला प्रश्न नेमका तोच. ८० प्लस गोल्ड किंवा ब्राँझ यावरून फक्त कार्यक्षमता कळते: किती वीज वाया जाते, किती उष्णता होते. व्होल्टेज किती स्थिर आहे, संरक्षण कसं आहे हे त्या बिल्ल्यात येत नाही. त्यासाठी भार देऊन केलेल्या चाचण्यांचे आलेख पाहावे. १२ व्होल्टवरच्या रिपलची, म्हणजे व्होल्टेजमधल्या बारीक लहरींची, मर्यादा १२० मिलिव्होल्ट, चांगले सप्लाय त्याच्या खूप खाली असतात.

कार्ड आधी आलं, सप्लाय मागे राहिला. त्या काळात खोकं समोर असताना हात आवरणं अवघड जातं. तुम्हाला अगदीच राहवत नसेल तर ड्रायव्हरमधून पॉवर लिमिट खाली आणून आणि खेळाची फ्रेम मर्यादा बांधून चालवता येतं. एनव्हिडियाच्या कार्डांवर लिमिट बरंच खाली येतं, एएमडीवर सहसा थोडंच. मी थांबले.

बसवताना एकच नियम जिवापाड पाळायचा: मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, सप्लाय बदलताना जुन्या केबल एकूण एक काढायच्या. ‘साटाची केबल तीच तर आहे, राहू दे’ असं वाटतं. कार्डाकडची टोकं प्रमाणित असतात, सप्लायकडची नसतात. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतसुद्धा पिनांची रचना वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ आले की हार्ड डिस्क आणि एसएसडी पहिल्याच क्षणी जातात. जुन्या केबल मी जुन्या सप्लायच्याच खोक्यात भरून वर नाव लिहिलं.

बाकी काम सोपं. २४ पिनांचा कनेक्टर खटका बसेपर्यंत दाबायचा, प्रोसेसरची केबल कार्ड लावायच्या आधी वरून ओढून घ्यायची कारण नंतर हात जात नाही, कार्डाला दोन वेगळ्या केबल, आणि प्रत्येक कनेक्टर बसल्यावर हलकेच ओढून पाहायचा.

नंतरची तपासणी आधीसारखीच, मुद्दाम त्याच क्रमाने. मोलेक्सवर मोकळा असताना १२.१०, ओसीसीटीच्या भारावर १२.०४. सॉफ्टवेअरमध्ये कार्ड २६० च्या आसपास स्थिर. मग नुसता सतत भार न देता वर-खाली होणारा भार दिला, म्हणजे खेळ सुरू करणं, मेनूत येणं, पुन्हा सुरू करणं. उसळी तिथेच येते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नेल-पॉवर ४१ ची नोंद नाही. ही नोंद दिसली तर तिचा अर्थ एवढाच की संगणक नीट बंद न होता गेला. दोष पॉवर सप्लायचाच हे तिने सिद्ध होत नाही. पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल आणि ‘डिस्प्ले’ची ४१०१ नोंद असेल तर शंका ड्रायव्हरवर किंवा कार्डाच्या वाढवलेल्या वेगावर घ्यावी.

राहिला यूपीएस, जो बहुतेक जण विसरतात. आत ४०० वॅट लागत असतील तर ९० टक्के कार्यक्षमतेला भिंतीतून सुमारे ४४५ ओढले जातात, वर मॉनिटरचे तीसएक. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. खेळ चालू असताना वीज गेली की तो भार पेलणार नाही आणि संगणक तिथेच बंद पडेल. दोष मात्र नव्या सप्लायवर जाईल. यूपीएसच्या मागे व्हीए शेजारी वॅट लिहिलेले असतात, तेच पाहायचे. शिवाय काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसी सप्लाय पायरीसारख्या लहरीच्या यूपीएसवर बॅटरीला जाताच बंद होतात, म्हणून यूपीएस बदलताना शुद्ध साइन वेव्हचा घेतलेला बरा. माझ्याकडचा १००० व्हीए, ६०० वॅटचा होता. काम जतन करून, भार चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढून पाहिला. संगणक चालू राहिला.